बावलीचा नकाशा आणि चेअरमनची सही

मी एक नकाशा आहे. माझा एक कोपरा उंदरांनी खाल्ला आहे, तेव्हा बोलण्यात कुठं भोक आढळलं तर सांभाळून घ्या.

माझा जन्म तेराशे तीस फसलीचा, म्हणजे तुमच्या हिशेबानं एकोणीसशे वीस-एकवीस सालचा. निजामाचे मोजणीदार साखळ्या ओढत केज तालुक्यातल्या आमच्या गावी आले, पाटलाच्या कोंबड्या संपेस्तोवर राहिले आणि जाताना मला कापडावर काढून गेले. नाले, वाटा, हद्दीचे दगड, सगळं उर्दूत लिहिलेलं. तेव्हा माझा थाट होता. मला उलगडताना लोक हात धुऊन यायचे.

पुढं निजाम गेला, मराठीत कारभार सुरू झाला आणि मला वाचणारं कुणी उरलं नाही. फिरत फिरत मी गावच्या सोसायटीच्या ऑफिसात पोचलो. तिथला सेक्रेटरी उत्तरेश्वर. त्यानं मला तोंड भिंतीकडे करून ठोकलं आणि माझ्या पाठीवर खताचे भाव लिहिले. पंधरा वर्षं लोक माझ्या पाठीकडे बघून म्हणायचे, "युरिया लई म्हाग झाला राव!"

सोसायटीचे चेअरमन होते मोहनराव. सोळा वर्षं त्या खुर्चीवरून हलले नव्हते. मी त्यांना बघू शकत नव्हतो, पण ऐकत होतो. "दिल्लीत राष्ट्रपती, तसा हितं मी," हे वाक्य दिवसातून दोनदा तरी कानावर पडायचं. सही करायला त्यांच्याकडे खास हिरव्या शाईचा पेन होता.

शहाऐंशी साली पावसानं पुन्हा दगा दिला. टँकर तीन दिवसांआड यायचा आणि आधी मोहनरावांच्या दारात थांबायचा. भिवराबाई दरवर्षी ऊसतोडीला जायची. त्या वर्षी फडातच ऊस नव्हता, म्हणून ती गावात होती आणि कोसभर लांबून घागर आणत होती. दीड एकर तिच्या नावावर होतं, त्यामुळं ती सोसायटीची सभासदही होती. एकटीच बाई सभासद.

एके दिवशी शाळेच्या वत्सलाबाई ऑफिसात आल्या. सातवीला इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवायच्या. त्यांना गावाचा नवा नकाशा वर्गासाठी हवा होता. माझ्या कापडातून त्यांना जुन्या शाईच्या रेघा दिसल्या.

"हे उलटं का लावलंय?"

"उलटं न्हाई बाई," उत्तरेश्वर म्हणाला, "खताच्या बाजूनं सुलटंच हाय."

बाईंनी मला खिळ्यांवरून सोडवलं आणि वर्गात नव्या नकाशाशेजारी टांगलं. नवा छापील, गुळगुळीत, भलताच शिष्ट. पोरं आलटून पालटून दोघांकडे बघू लागली. नव्यात गट नंबर एकशे चौदा कोरा होता. माझ्यात त्याच जागी एक चौकोन होता आणि आत दोन उर्दू शब्द. वाचायला आप्पांना बोलावलं. आप्पा गावात घरजावई म्हणून आलेले, पण निजामाच्या शाळेत चौथीपर्यंत शिकलेले. त्यांनी मला नाक लावलं.

"बावली लिवलंय. सरकारी बावली. म्हंजे पायऱ्यांची बारव." मग आवाज खाली आला. "सासरा म्हनायचा, हाय म्हनून. मोहनरावच्या बापानं बुजवली. त्याच्या भेवानं जागा कुनी सांगत नव्हतं."

एकशे चौदा गट मोहनरावांचा होता. वर लिंबोणीची बाग.

सोसायटीच्या सभेत भिवराबाईनं ठराव मांडला, की बारव उकरू द्यावी म्हणून तहसीलदाराला लिहावं. ठराव मंजूर झाला. कागद चेअरमनच्या सहीनंच जाणार होता. मोहनरावांनी त्यावर हिरव्या शाईत लिहिलं, 'फेरविचारासाठी परत.' वर म्हणाले, "राष्ट्रपतीला तेवढा अधिकार असतोय."

दुसऱ्या दिवशी वत्सलाबाई पुस्तक घेऊन आल्या. मलाही पुरावा म्हणून गुंडाळून आणलं होतं. "खरं आहे मोहनराव. संसदेचं विधेयक राष्ट्रपती परत पाठवू शकतात. पण संसदेनं ते पुन्हा मंजूर केलं, की त्यांना संमती द्यावीच लागते."

"मंग पुन्यांदा मंजूर," भिवराबाई म्हणाली.

पुन्हा सभा, पुन्हा हात वर. मोहनरावांनी पेनाचं टोपण काढलं, बघितलं, परत लावलं.

"करीन की सही. पन किती दिवसांत करायची, ते घटनेत लिवलंय का बाई?"

बाईंनी पानं उलटली. खोटं बोलणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. "नाही," त्या म्हणाल्या. "मुदत लिहिलेली नाही."

मोहनराव असे हसले, की मी टेबलावरून घरंगळलो.

भिवराबाईनं घागर खाली ठेवली आणि ती ऑफिसच्या दारात बसली. "मंग आमी हितंच बसतो, चेअरमनसायब. किती दिवस बसायचं, ते बी कुटं लिवल्यालं न्हाई."

संध्याकाळपर्यंत चाळीस घागरी झाल्या. तिसऱ्या दिवशी एक एक्केचाळिसावी घागर आली. ती घेऊन आल्या जानकीबाई, मोहनरावांच्या कारभारीण. "मला बी हौस न्हाई टँकरचं गढूळ पानी गाळायची," म्हणाल्या आणि बसल्या. घरी चूल बंद. दुपारी हिरवी सही झाली.

आता माझी फजिती सांगतो. तहसीलची परवानगी आली, माझ्यावर मापं घेऊन खोदायला सुरुवात झाली, आणि दोन दिवस नुसता मुरूम निघाला. पासष्ट वर्षांच्या ओल-उन्हानं माझं कापड ताणलं होतं. मी जिथं म्हणत होतो, तिथं काही नव्हतं. मोहनराव बांधावर उभं राहून शेंगा खात होते. मला स्वतःला घडी घालून गिळावंसं वाटलं.

वत्सलाबाईंनी दोन्ही नकाशे जमिनीवर पसरले. तीन गावांच्या शिवेचा दगड दोन्हींत होता. त्यावरून माझा ताण किती, ते त्यांनी काढलं आणि तीस पावलं उगवतीला सरकायला सांगितलं. चौथ्या दिवशी पहिली पायरी लागली. सतराव्या पायरीवर भिवराबाईचे पाय घोट्यापर्यंत ओले झाले. तिनं वाकून ओंजळ भरून घेतली.

पुढच्या वर्षी बारवेवर पाटी लागली, 'मा. मोहनराव यांच्या अथक प्रयत्नांतून.' निवडणुकीत तेच पुन्हा चेअरमन झाले. तुम्ही माणसं अशीच.

मी हल्ली शाळेत काचेत असतो. काचेत बसवायच्या आधी एकदा भिवराबाई आली होती. म्हणाली, "बाई, ह्यात माजं घर दावा."

बाईंनी मला धुंडाळलं, नव्याला धुंडाळलं. ऊसतोड्यांची वस्ती दोघांतही नव्हती. मोजणीदारांना ती दिसली नव्हती, मलाही कधी आठवली नव्हती. बाईंनी दाराकडे बघितलं, पेन्सिल घेतली आणि ओढ्याच्या काठाला माझ्या अंगावर एक छोटं घर काढलं.

सरकारी कागदावर खाडाखोड करणं गुन्हा आहे म्हणतात. तुम्ही कधी आलात आणि ते घर दिसलं, तर कृपा करून गप्प बसा. कुणी विचारलंच, तर मी सांगेन, ते तेराशे तीस फसलीपासून तिथंच आहे.