सवलतीपुरता गारवा

बाबांच्या दुकानात पाय ठेवायला जागा नाही, हे दृश्य मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं ते यंदाच्या उन्हाळ्याच्या तोंडावर. दारापासून टेबलापर्यंत नुसते एसी. काही पिवळे पडलेले, काही पोटं उघडी टाकून बसलेले, एकाच्या पोटात तर चिमणीचं अख्खं घरटं. मी दप्तर डोक्यावर धरून वाट काढत आत गेले.

"बाबा, हे दुकान आहे की हॉस्पिटल?"

"जनरल वॉर्ड," बाबा म्हणाले. "चप्पल बाहेर काढ आणि पेशंटला लाथ मारू नकोस."

झालं होतं असं, की सरकारने सवलत काढली होती. जुना, वीज खाणारा एसी आणून द्या आणि कमी विजेत थंडी-उन्हाळा दोन्ही सांभाळणारं नवं मशीन स्वस्तात घेऊन जा. अट एकच. जुनं मशीन चालू स्थितीत हवं. केंद्रावरचा तपासनीस ते दहा मिनिटं चालवून बघणार, गार हवा आली तरच सवलत. नाहीतर लोक गच्चीवरचं भंगार आणून ओततील, हे सरकारलाही ठाऊक. मग काय, गच्चीवरचं, माळ्यावरचं, पलंगाखालचं सगळं भंगार आधी बाबांकडे आलं. मेलेलं उठवून द्या मिस्त्री, एका दिवसापुरतं.

मी तर हवेत होते. गेल्या वर्षापर्यंत मला वर्गात कोणी नाव विचारलं तरी घाम फुटायचा. मग शाळेच्या नाटकात ऐन वेळी एकीचा घसा बसला, तिचं काम माझ्या गळ्यात पडलं, आणि त्या दिवसापासून माझं तोंड काही बंद होत नाही. बाबा मला रेडिओ म्हणतात. तर हा रेडिओ शाळा सुटली की दुकानात लागायचा. गिऱ्हाइकांना बसवणं, कोणाचं मशीन कुठलं ते लक्षात ठेवणं, घाई करणाऱ्यांना गोड बोलून घरी पाठवणं, सगळं माझ्याकडे. पाटीसुद्धा मीच रंगवली: सवलतीसाठी जुने एसी चालू करून मिळतील.

बाबा मात्र घाई करत नव्हते. एसीच्या मागे पत्र्याच्या पातळ पात्यांची जाळी असते, धक्का लागला की पाती वाकतात. बाबांकडे त्यासाठी एक बारीक फणी आहे. ती घेऊन ते एकेक पातं सरळ करत बसायचे, शाळेत जाणाऱ्या पोरीचे केस विंचरावेत तसे.

गल्लीतले कंडक्टरकाका एकदा आपल्या एसीवर चाललेलं ते काम बघत उभे राहिले. ते निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण अजून दारात उभं राहायचीच सवय. "मिस्त्री, एवढं नटवताय कशाला? दहा मिनिटं चालला की झालं. मुलगी बघायला नाही येणार कोणी त्याला."

"मला दहा मिनिटांची दुरुस्ती येत नाही हो," बाबा म्हणाले. आणि वर गॅरंटीची चिठ्ठी चिकटवली. सहा महिने.

"अहो, तो उद्या दुपारपर्यंत तरी राहतोय का?" काका एवढे हसले की त्यांना खोकला आला. मीही हसले. मला वाटत होतं, ही मशीन पुढे कोणाला तरी देत असतील. एखाद्या अनाथाश्रमाला, एखाद्या दवाखान्याला. इतकी चांगली चालणारी वस्तू, दुसरं काय करणार तिचं?

दुसऱ्या दिवशी शनिवार होता, शाळा लवकर सुटली. काकांचं मशीन उचलायला माणूस कमी पडत होता म्हणून बाबा टेम्पोत चढले, आणि मीही. केंद्र म्हणजे पत्र्याचं मोठं गोदाम. तपासनीस तरुण होता, सगळ्यांना अहो-जाहो करणारा. त्याने मशीन लावलं, समोर तापमापक धरला. मशीनचा आवाज इतका हळू होता की त्याने कान लावून पाहिलं.

"हा नक्की जुना आहे ना?"

"आमच्या मिस्त्रींनी हात लावलाय," काका छाती फुगवून म्हणाले, जणू हात त्यांचाच. मी बाबांकडे पाहिलं. ते मशीनकडे बघत होते, आणि खूश होते. खरंच खूश होते.

दहा मिनिटं झाली. शिक्का बसला. मग एक माणूस आला. त्याने आतला गॅस नळीने टाकीत ओढून घेतला, मशीनचं हृदय म्हणावं तो कॉम्प्रेसर उघडा केला, आणि त्यावर ड्रिल लावलं. गोदामभर आवाज घुमला. भोकातून तेलाची बारीक धार निघाली आणि खालच्या भुशात जिरली. पाती सरळ केलेली ती जाळी त्याने पायाने ढिगावर सरकवली.

"ते चालत होतं," मी तपासनीसाला म्हणाले.

"म्हणूनच ताई. असंच सोडलं तर फिरून कुठेतरी लागतं आणि पुन्हा तेवढीच वीज खातं."

तो बरोबर बोलत होता.

परत येताना टेम्पोच्या मागच्या भागात आम्ही दोघंच होतो. "तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं.

"पहिल्या दिवसापासून."

"मग एवढं घासूनपुसून कशाला करता?"

"उद्या तुला सांगितलं, पेपर लिही, पण कोणी तपासणार नाही, फाडूनच टाकणार आहेत. मग वाटेल तसं लिहिशील का?"

"हो," मी म्हणाले. खोटं कशाला बोलू?

बाबा हसले. मग टेम्पोची फळी धरून रस्त्याकडे बघत म्हणाले, "तुझी आई म्हणते, दुकान भरलंय. दुकान भरलेलं नाही, रेडिओ. रिकामं होतंय. एक मशीन गेलं की एक गिऱ्हाईक गेलं. नवीन आलेलं कंपनीच उघडते, बाहेरच्याने हात लावला की तिची गॅरंटी संपते. पण आलेल्या माणसाला नाही कसं म्हणू? आणि त्याचं बिल खरंच निम्म्यावर येतं. चूक काढायची तर कोणाची काढू?"

मी दुकानांच्या पाट्या मोजत बसले. रेडिओ बंद पडला की काय, असंही ते म्हणाले नाहीत.

उन्हाळा ऐन भरात आला तसं दुकान रिकामं होत गेलं. आधी दारापाशी जागा झाली, मग मधे, मग टेबलाच्या चारही बाजूंनी फिरता येऊ लागलं. बाबांनी नट आवळायचे पाने आकाराने लावले, मग उलट्या आकाराने. घरातला चांगला चालणारा मिक्सर उघडून पुन्हा बंद केला. आई दवाखान्यात रिसेप्शनला बसते, दिवसभर लोकांची दुखणी ऐकल्यावर तिला घरी रडगाणं आवडत नाही. ती एवढंच म्हणाली, "दुकान भाड्याचं आहे. मालक भाड्यातून आपलं दुःख वजा करत नाही."

उरल्या होत्या फक्त समोरच्या शिवणकाकू. त्यांच्या खोलीत तीन शिलाई मशीन, इस्त्रीची वाफ, आणि बाबांनी वर्षानुवर्षं सांभाळलेला एक जाडजूड एसी. "माझा नाही हो द्यायचा," असं त्या दर आठवड्याला रस्त्यापलीकडून ओरडून सांगायच्या. बाबा हात वर करायचे. त्या हाताकडे बघून मला वाटायचं, काकू एक आहेत तोवर दुकान आहे.

एका दुपारी त्या रस्ता ओलांडून आल्या. गळ्यात टेप तसाच लोंबत होता. टेबलावर विजेचं बिल ठेवून त्या ते तळहाताने सपाट करत राहिल्या.

"दादा, बिल आलं की छातीत धस्स होतं. शिवून मिळतं ते सगळं त्या खोक्यात जातं."

"द्या की ताई," बाबा म्हणाले. "त्यात विचारायचं काय? धुऊन देतो, मग न्या."

ते दुकानातलं शेवटचं मशीन. बाबांनी ते दोन दिवस घेतलं. फणी फिरवताना माझ्याकडे पाठ करून बसले होते.

केंद्रावरून तपासनीसाचा फोन त्याच आठवड्यात आला. ड्रिलवाला माणूस सोडून गेला होता, मशीनच्या आतलं कळणारा कोणीतरी हवा होता. बाबांनी विचार करून सांगतो म्हटलं, आणि आईने विचार केला. महिना संपायच्या आत किल्ली मालकाकडे गेली.

केंद्रावरच्या पहिल्या दिवशी मी शाळेतून परस्पर बाबांचा विसरलेला डबा घेऊन गेले. गोदामात शिरले तर रांगेत शिवणकाकू उभ्या, त्यांना नंबरच आजचा मिळाला होता. त्यांनी बाबांना निळ्या कोटात पाहिलं आणि पदर खांद्यावर नीट करत राहिल्या, तो नीटच असताना.

"दादा, तुम्हीच?"

"आजपासून. या, इकडे सावलीत उभ्या राहा."

मशीन दहा मिनिटं चाललं. गार हवा आमच्यापर्यंत आली. काकूंनी डोळे मिटले. तपासनीसाने शिक्का मारला आणि बाबांकडे बघून मान हलवली. बाबांनी गॅस काढला. मग ड्रिल उचललं, आणि क्षणभर तळहात त्या कॉम्प्रेसरवर ठेवला, तापलंय का बघावं तसा. एवढंच. मग आवाज सुरू झाला. काकू रस्त्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मी तोंड फिरवलं नाही.

"नवा बिघडला तर तुम्हालाच हाक मारीन," जाताना काकू म्हणाल्या.

"मारा की," बाबा म्हणाले. दोघांनाही माहीत होतं.

घरी येताना मी शाळेतलं काहीबाही सांगत राहिले, कारण कोणीतरी बोलायला हवं होतं. बाबा मधेमधे हं म्हणत होते. घरात आल्यावर ते सवयीने न्हाणीत गेले आणि कपडे धुण्याच्या पावडरचा डबा घेतला. रोज त्यांच्या हातांचा काळा ओशट थर निघायला आईची भाजी होईपर्यंत वेळ लागायचा, नखांच्या कडा तर रविवारीसुद्धा काळ्याच. आज त्यांनी मूठभर पावडर घेतली, नळ सोडला, आणि थांबले.

हात स्वच्छ होते. नखंसुद्धा.

"तिथे हातमोजे देतात," ते म्हणाले.

मूठभर पावडर त्यांनी हळूच परत डब्यात ओतली. नळ मात्र तसाच चालू राहिला, आणि ते त्याखाली हात धरून उभे राहिले, आई येऊन तो बंद करेपर्यंत.