बोर्डाखालचा बाक

शेवटच्या सत्राची चार मिनिटं उरलेली असताना मॅडमनी मान वळवली आणि मागच्या भिंतीवरचा गुणांचा बोर्ड पाहिला. आघाडी दोनच गुणांची होती. त्यांनी लगेच बदली मागितली, नव्या डावखुऱ्या मुलीला बाहेर घेतलं आणि जुनी, भरवशाची खेळाडू आत पाठवली.

सामना जिंकला. गॅलरीत बसलेल्या दुसऱ्या कॉलेजच्या अध्यक्षांनीही टाळ्या वाजवल्या. बाकावर मात्र कुणी हसेना. डावखुरी डोक्यावर टॉवेल घेऊन बसली होती. तिला पूर्ण सत्र खेळवायचं मॅडमनी कबूल केलं होतं.

कॉलेजच्या मुलींना बास्केटबॉल शिकवायला लागून मॅडमना बारा वर्षं झाली होती. बारा वर्षं त्या हट्टाने बोर्डाखालचाच बाक घेत आल्या, बोर्डाकडे पाठ राहावी म्हणून. ‘बोर्ड प्रेक्षकांसाठी असतो, आपण चेंडू बघायचा,’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मुली त्याची नक्कल झकास करायच्या. एवढ्या काळात सहा करंडक आले. पगार मात्र मुंगीच्या पावलांनी वाढला.

चेंडू गोळा करता करता कप्तान जवळ आली.

“मॅडम, आज तुम्ही बोर्ड बघितलात.”

“घड्याळ बघत होते.”

“घड्याळ समोरच्या टेबलावर असतं, मॅडम.”

कप्तान तशी तोंडाची फटकळ, पण हे तिने इतक्या हळू सांगितलं की मॅडमना खरोखरच लाज वाटली. शिट्टीची दोरी त्यांनी बोटाला गुंडाळली. आदल्या दिवशीच त्या दुसऱ्या कॉलेजच्या अध्यक्षांनी पाठवलेला नोकरीचा करार घरी आला होता. पगार अडीचपट, शिवाय जिंकलेल्या दर सामन्यामागे वेगळी रक्कम. नवरा कागद वाचून म्हणाला होता, “आता तुझ्या शिट्टीला सोन्याची दोरी करू.” दोघं पोट धरून हसले होते. आणि आज, करारावर सही व्हायच्या आधीच, त्या मनातल्या मनात सामने मोजायला लागल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी अध्यक्षांसमोर त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. पेन काढलं आणि ती रकमेची ओळ खोडली.

“अहो मॅडम, सगळ्यात गोड ओळ खोडलीत की!”

“त्यातलं थोडं पगारात घाला.”

“म्हणजे हरलात तरी द्यायचं?”

“हरले तरी. पण फारशी हरणार नाही मी.”

“एवढी खात्री आहे, मग जिंकल्याचे पैसे का नकोत?”

“खात्री जिंकण्याची आहे,” मॅडम म्हणाल्या. “माझी नाही.”

अध्यक्ष सावध माणूस. त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला. “शनिवारचा तुमचा सामना बघतो, मग सही करतो.”

शनिवारी अध्यक्ष पहिल्या रांगेत आणि मॅडम बोर्डाखाली. शेवटच्या सत्रात डावखुरी पहिल्या मिनिटापासून मैदानात होती. तिचे लागोपाठ दोन पास भलतीकडे गेले. गॅलरी ओरडली. राखीव मुली मॅडमकडे बघायला लागल्या. मॅडमची मान हलली नाही. भोंगा वाजला तेव्हाही डावखुरी मैदानातच होती.

मॅडमनी रिकाम्या बाटल्या पिशवीत भरल्या आणि मग कप्तानला विचारलं, “काय झालं?”

“एका गुणाने हरलो.”

“बरं. उद्या सहाला सराव.”

तोवर अध्यक्ष पायऱ्या उतरून खाली आले होते.

“दोन चुका झाल्या, तरी त्या मुलीला काढलं नाहीत.”

“पूर्ण सत्र कबूल केलं होतं तिला.”

अध्यक्षांनी खिशातला कागद काढून बाकावर पसरला, हाताने घडी सपाट केली. खोडलेल्या ओळीवर क्षणभर बोट ठेवलं आणि हात पुढे केला.

“तुमचं ते पेन द्या जरा.”