वाकडं बोट

बिस्किटांच्या त्या भट्टीत धाकट्या सुनेला सगळे मेणबाई म्हणत. नाव जावेनं ठेवलं होतं, आणि ते इतकं चपखल बसलं की एकदा नवऱ्याच्याही तोंडून निघून गेलं. त्या दिवशी तो उपाशी राहिला.

मेणबाईचा गुन्हा एवढाच, की सूर्यफुलाच्या तेलात ती तांदळाच्या कोंड्यातून काढलेलं मेण विरघळवत असे. शंभर भाग तेलाला पाच भाग मेण. काचेसारखं नितळ होईपर्यंत तापवायचं, झाकायचं आणि विसरून जायचं. ढवळायचं नाही, धक्का लावायचा नाही. दोन-तीन तासांत तेलच थिजून घट्ट होतं, आणि बिस्किटात वनस्पती तुपाची जागा घेतं. हे ती शिकून आली होती. सासऱ्यांना डॉक्टरांनी हृदयापायी वनस्पती तूप बंद केलं होतं, आणि सासरे तर प्रत्येक ट्रेमधलं एक बिस्कीट चाखत. "भट्टीवाल्यानं चाखायचं नाही, मग काय हुंगायचं?"

सुनेची भुणभुण संपेना, तेव्हा त्यांनी एकदाचं सांगून टाकलं, "चार दिवस देतो. तुझं थिजलं नाही, तर वनस्पतीचा डबा परत ओट्यावर. मग हा विषय माझ्यासमोर काढायचा नाही."

पहिल्या दिवशी दुपारी भट्टी थंडावल्यावर तिनं पातेलं लावलं आणि वर जाऊन बाळाला पाजून निजवलं. चारला खाली येऊन झाकण काढलं, तर मधोमध खळगा आणि खळग्यात तेल साचलेलं. थिजता थिजता कुणीतरी मोडलं होतं. दुसऱ्या दिवशीही तेच.

"तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं तरी येतं म्हणतात," जाऊ पीठ चाळता चाळता म्हणाली. "हिच्या हाती मेणबत्ती आली."

"ताई, पातेल्याला हात कुणी लावला?"

"मी नाही हं. मला लावायचाच असता तर सगळं मोरीत ओतलं असतं. खळगे कशाला पाडत बसू?"

हे पटण्यासारखं होतं. जावेचं वैर चारचौघांतलं. चोरून काही करणं तिला कमीपणाचं वाटे.

तिसऱ्या दिवशीही खळगा होताच. मेणबाईनं पातेलं खिडकीशी नेलं. खळगा सरळ खाली जाऊन डावीकडे वळला होता, आकड्यासारखा. तिनं मान वर केली. सासऱ्यांचं बोट फार वर्षांपूर्वी पीठ मळायच्या यंत्रात सापडून पेरात वाकलं होतं. "सरळ बोटानं तूप निघत नाही, म्हणून यंत्रानं माझं वाकडं करून दिलं," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत.

"बाबा, पातेल्यात तुम्ही बोट घालता."

"मी? मला काय खाज सुटलीय?"

"बोट बघा."

त्यांनी पाहिलं. बोट तेलानं चकाकत होतं. क्षणभर ते त्याच्याकडे परक्याच्या बोटासारखं बघत राहिले. चाळीस वर्षं तूप आलं की आधी बोट. किती आत गेलं आणि खूण किती राहिली, त्यावर पीठ किती ते ठरायचं. त्या बोटाला आता सांगणार कोण?

मग ते उखडले. "माझी भट्टी, माझं बोट. ज्याला बोट सोसत नाही, ते तूप कसलं? आणि माझ्या हृदयाचा पुळका नको. आपल्या पोराकडे बघ."

"पोराकडेच बघतेय. त्याला आजोबा फोटोतले नकोयत."

जावेची चाळणी थांबली. सासरे उठून बाहेर गेले, आणि संध्याकाळी जेवले तेही पाठ करून.

"बोललीस खरी," जाऊ म्हणाली. "आता माहेरची पिशवी भरून ठेव."

चौथ्या दिवशी ती पातेल्यापाशी राखणीलाच बसणार होती, पण बाळानं रडून घर डोक्यावर घेतलं. वर जावं लागलं. तासाभरात उतरायचं, म्हणता म्हणता चार वाजले.

खाली सासरे पातेल्याशेजारीच स्टुलावर बसलेले. तिनं झाकण काढलं. वरचा थर पांढुरका, गुळगुळीत, अखंड. पातेलं कलतं केलं, तरी जागचं हललं नाही.

तेव्हा कुठे तिचं लक्ष त्यांच्या हाताकडे गेलं. वाकड्या बोटाला चिंधीचे चांगले चार-पाच वेढे होते.

"बोटाला काय झालं, बाबा?"

"भाजलं."

भट्टी दुपारपासून थंड होती. आणि एका हातानं तशी गाठ काही बसत नाही. चिंधी निळ्या चौकड्यांची होती, जावेच्या जुन्या अ‍ॅप्रनची.

"बघतेस काय?" जाऊ म्हणाली. "पीठ घे, मेणबाई. ट्रे मी लावते."

बिस्किटं निघाली. सासऱ्यांनी डाव्या हातानं एक उचललं, मोडून नाकाशी धरलं, खाल्लं. दोघी सुना उभ्या.

"पीठ फार मळलंस," ते म्हणाले. "कडक झालंय."

ती पुढच्या शब्दाची वाट बघत राहिली. तुपाबद्दल काही आलंच नाही.

"उद्या हात हलका ठेव," म्हणत त्यांनी बांधलेलं बोट वर धरलं, आणि डाव्या हातानं दुसरं उचललं.