बुजलेली रेघ

मुलांनो, डोळे मिटा आणि कल्पना करा. एका लांबच्या आकाशगंगेचा प्रकाश त्रिकोणी काचेतून इंद्रधनुष्यासारखा पसरलाय आणि त्यात मध्येमध्ये बारीक काळ्या रेघा आहेत. त्यातल्या काही हायड्रोजनच्या. तिथे तरुण तारे पुष्कळ असले की या रेघा खोल दिसतात. सगळे म्हातारे झाले की उथळ.

आता खारूताई नावाच्या मुलीबरोबर वेधशाळेतल्या एका खोलीत या. एका जागी बसणं हिला ठाऊकच नाही, म्हणून हे नाव. शाळेला सुट्टी होती, म्हणून ती आत्याच्या कामावर आली होती. आत्या या रेघा मोजते. आत्याच्या आकाशगंगेच्या नावापुढे विभागप्रमुखांनी फळ्यावर ठळक लिहिलं होतं, 'म्हातारी'.

"निळी-हिरवी रेघ उथळ आहे," ते म्हणाले. "आपण वर्षानुवर्षं हीच मोजतो. तरुण तारा औषधालाही नाही. दुर्बीण एकच, मागणारे ढीगभर. तुमची पाळी दुसऱ्याला देतो."

"अहो सर, पण—"

"पुरे!"

खारूताई संगणकाच्या पडद्यापाशी पोचली होती. तिथल्या आलेखात प्रत्येक काळी रेघ खड्ड्यासारखी दिसत होती. "आत्या, या खड्ड्याच्या तळाला टेंगूळ का आलंय?"

"मुलांनी मध्ये नाक खुपसू नये," सर म्हणाले.

"खुपसून झालं," खारूताई म्हणाली. नाक खरंच पडद्याला टेकलं होतं.

आत्या उठली. "त्या आकाशगंगेत वायू चमकतोय, सर. तोही हायड्रोजनच! त्याचा उजेड नेमका त्याच जागी पडतो आणि खड्डा बुजतो. जांभळ्या टोकाच्या रेघांपाशी हा उजेड फिका असतो. त्या मोजू."

"या चिमुरडीच्या सांगण्यावरून?"

"तिचं ऐकू नका, रेघांचं ऐका. मोजल्याशिवाय मी पाळी सोडणार नाही."

आणि ती तिथेच मोजायला बसली. सर कपाळाला आठ्या घालून बघत राहिले. पहिली जांभळी रेघ खोल निघाली.

"येते चुकून एखादी!"

दुसरीही खोल. तिच्या पलीकडचीही.

सर खुर्चीतून उठले, चष्मा उगाचच पुसला. "बरं बाई, पाळी तुमचीच. पण फळ्यावर मी लिहिलेलं मी पुसणार नाही, सांगून ठेवतो!"

मग खारूताईने काय केलं? त्यांचीच रिकामी खुर्ची खरखर ओढत फळ्यापाशी नेली, वर चढली आणि 'म्हातारी' बाहीने पुसून टाकली.