तांबडं रान

चिरंजीवांनी पांघरूण पलंगावर पसरलं, दोन पावलं मागे सरले आणि गप्प झाले. आमचा मुलगा एरवी गप्प बसणाऱ्यांतला नाही. तो गप्प झाला की काहीतरी अंगाशी येणार, हे मी अनुभवाने ओळखून आहे.

"छान झालंय की," मी आपलं म्हणालो.

सूनबाईंनी तोंडावर हात ठेवला. स्वयंपाकघराच्या दारात ही उभी होती, हात पदराला पुसत. चेहऱ्यावर कौतुक ऐकायला आलेल्या माणसाचा भाव.

"बाबा," मुलगा हळूच म्हणाला, "गवत लाल आहे."

"लाल म्हणजे?"

"लाल म्हणजे लाल! रान सगळं तांबडं, आणि गोठ्याचं छप्पर हिरवंगार. तुम्हाला दिसत नाही?"

मला खरंच दिसत नव्हतं. लाल आणि हिरवा हे दोन रंग माझ्या डोळ्यांना जन्मापासून सारखेच. तरुणपणी रेल्वेत लागत होतो, डोळ्यांच्या तपासणीत सिग्नलचे दिवे दाखवले आणि मी असा काही आपटलो की तपासणाऱ्यालाच हसू आवरेना. मग छापखान्यात मुद्रितशोधक झालो. तिथे पांढऱ्यावर काळं, बाकी भानगड नाही. आयुष्यभर लोकांच्या वेलांट्या दुरुस्त केल्या, आणि इथे माझ्या नाकासमोर, माझ्याच घरात, आठवडेच्या आठवडे एवढी मोठी चूक विणली जात होती आणि मी शेजारी बसून शेंगा सोलत होतो.

पांघरूण आमच्या नातीसाठी होतं. तिने सांगितलं होतं, "आजी, तुझ्या खिडकीतून दिसतं तसं विण." म्हणजे खाली रान, मध्ये मेंढ्यांच्या गोठ्याचं छप्पर, वर आभाळ. आभाळ निळं होतं. तेवढं मलाही कळत होतं.

ही दारातून आत आली. पलंगाशी येऊन तिने पांघरुणावर हात फिरवला, कडेपासून मधोमध, परत कडेला. विणीत कुठे झोल नव्हता. तिच्या विणीत कधीच नसतो.

"आई," मुलाने विचारलं, "हा कुठला रंग?"

"कुठला?"

"मी बोट ठेवलंय तो."

मला वाटलं, आता ही काहीतरी थाप मारेल. थाप मारण्यात तिचा हात कोणी धरलेला नाही. पण तिने मान वर केली आणि सरळ म्हणाली, "नाही सांगता येत. उन्हाळ्यापासून नाही सांगता येत."

तिच्या डोळ्यांच्या मधोमध धुकं धरलंय, ते वाढत जाणार, कडेचं तेवढं दिसत राहील, हे डॉक्टरांनी सांगितलेलं मला ठाऊक होतं. तिला माझा चेहरा पाहायचा तर ती मान वळवून कानाकडे बघते, त्याचीही सवय झाली होती. पण रंग गेलेत, हे तिने मलाही सांगितलं नव्हतं. मी दुखावलो. आणि सांगून तरी काय होणार होतं? रंग विचारायला जगात माझ्याइतका बिनकामाचा माणूस तिला सापडला नसता.

आता हिने मुलाला घातलेली अट सांगायला हवी. डॉक्टरांकडून परत येताना गाडीत मुलाने विषय काढला होता. शहरात पाचव्या मजल्यावर त्याचं घर आहे, आमची खोली तयार आहे, लिफ्ट आहे. तो विमा कंपनीत काम करतो. जगात काय काय मोडू, जळू, बुडू शकतं याचा विचार करण्याचा त्याला पगार मिळतो, आणि तो विचार तो सुट्टीच्या दिवशीही फुकट करतो. आमची विहीर, आमची चूल, माळ्यावर चढायची शिडी, रंगाचं उकळतं भांडं, सगळ्यांत त्याला अपघातच दिसतात. मेंढ्याकडेसुद्धा तो संशयाने बघतो. त्यात काही अंशी तथ्य आहे, आमचा मेंढा पाजी आहे.

तेव्हा ही म्हणाली होती, "ज्या दिवशी मला माझं काम जमायचं नाही, त्या दिवशी मी आपणहून तुझ्या गाडीत येऊन बसेन. तोवर विषय बंद."

ही शब्दाची पक्की आहे. नोकरीत टंकलेखिका होती, टाइप करताना कधी खाली न बघणारी. साहेबांना सांगितलं होतं की अमुक वर्षी नोकरी सोडणार आणि गावाबाहेर जमिनीचा तुकडा घेऊन हातांनी जे करता येईल ते करत जगणार. साहेब हसले. मीही हसलो. अमुक वर्ष उजाडलं आणि मी दोन ट्रंका आणि एका कोंबडीसह या ओसाड जागी उभा होतो. पुढे तिने साबण केला, मेणबत्त्या केल्या, टोपल्या विणल्या, कांद्याच्या सालींपासून आणि झाडांच्या मुळ्यांपासून रंग काढले. माग एका म्हाताऱ्या सुताराकडून करून घेतला. मी कुरकुर केली. ते माझं खातं.

"मग आता अट लागू झाली ना, आई?" मुलगा म्हणाला. त्याच्या आवाजात विजय नव्हता, हे मी कबूल करतो. घाबरला होता तो.

"थांब," ही म्हणाली. "आधी मला कळू दे काय झालंय." ती भिंतीच्या फळीकडे गेली. लोकरीच्या लडी तिथे रचलेल्या असतात. प्रत्येक लड मधोमध सुतळीच्या तुकड्याने बांधलेली. तिने एक उचलली आणि सुतळी चिमटीत धरली. "हिला एक गाठ आहे. ही लाल. ही तीन गाठींची, ही हिरवी. पिवळीला दोन, निळीला चार. रंग दिसत होते तेव्हाच मी बांधून ठेवल्या. चुकतील कशा?"

त्या सुतळ्यांच्या गाठी मी शंभरदा पाहिल्या होत्या. मला वाटायचं, उरलेसुरले तुकडे जोडून काटकसर चालली आहे.

तेवढ्यात सूनबाईंना रडू फुटलं.

सूनबाई औषधांच्या दुकानात असतात. स्वभावाने सोन्यासारख्या, पण पसारा दिसला की हात शिवशिवतात. एकदा माझा चष्मा त्यांनी इतका व्यवस्थित ठेवला की तो कुठे आहे हे आम्हाला पुढच्या भेटीत त्यांनाच विचारावं लागलं.

"आई, मीच केलं," त्या म्हणाल्या. "मागच्या खेपेला खालच्या फळीवर कोंबडी बसली होती. अंडं फुटलेलं, लडी सगळ्या चिकट. तुम्ही बाहेर होतात. म्हटलं, तुम्हाला कशाला त्रास. मी सोडून धुतल्या, वाळवल्या आणि परत बांधल्या. सुतळ्यांचे दोन ढीग होते, कुठला कुठल्या लडींचा ते न बघताच बांधल्या हो! मला काय माहीत त्यांना अर्थ आहे म्हणून!"

खालच्या फळीवर लाल आणि हिरवी लोकर असते.

ही मोठ्याने हसली. गेल्या कित्येक महिन्यांत मी तिला असं हसताना ऐकलं नव्हतं. "अगं बाई! म्हणजे माझी बोटं नाही चुकली!"

"आई, हसण्यासारखं काय आहे?" मुलगा चिडला. "तुला दिसत नाही. हे खरं आहे ना?"

"खरं आहे."

"मग?"

"मग काय? काम जमेना झालं तर येईन म्हणाले होते. दिसेना झालं तर येईन, असं मी म्हटलेलं नाही. काम जमलंय. हात फिरवून बघ, एक धागा सैल निघाला तर आत्ता चपला घालते."

"हे शब्दांचे खेळ झाले."

"तू विम्यातला ना? कागदावर लिहिलेलं सोडून दुसरं काही मोजता का तुम्ही लोक?"

मला हसू आलं ते मी खोकल्यात घातलं. पण मुलगा ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हता. तो आतल्या खोलीत गेला, हिची बॅग काढली आणि कपाटातले कपडे भरायला लागला. घडीबिडी काही नाही, नुसते कोंबत होता. लहानपणी शाळेचं दप्तर भरायचा तसाच. मला त्याची दया आली आणि रागही आला, दोन्ही एकदमच.

"उद्या चुलीवर हात जाईल," तो आतून बोलत होता. "विहिरीत पाय जाईल. मग मला फोन येईल. मी रोज त्या फोनची वाट बघत झोपतो, माहितीये तुम्हाला? बाबा, तुम्ही तरी सांगा तिला. तुम्हाला तर इथे पहिल्यापासून आवडत नाही."

हे मात्र खरं होतं. मला इथलं काहीही आवडत नाही. घरच्या साबणाला फेस येत नाही. पाणी तापवायचं तर लाकडं फोडा. खुर्ची हिने केलेली, तिचा एक पाय कायम विचारात पडलेला. पाचव्या मजल्यावर नळ सोडला की गरम पाणी येतं, मी पाहिलंय. मी त्या नळाचा मनापासून विचार केला. खोटं कशाला बोलू?

"सांगा ना, बाबा."

"विचार करतोय," मी म्हणालो.

तो बॅग घेऊन बाहेर गेला, डिकीत टाकली आणि गाडी सुरू करून बसला. "मी बसलोय गाडीत," ओरडून म्हणाला. "या दोघं. रात्रीच्या आत पोहोचायचंय."

घरात आम्ही तिघंच उरलो. मला वाटलं, आता ही खचून खाली बसेल. ती खाली बसली खरी, पण फळीवरच्या सगळ्या लडी पुढ्यात ओढून.

"ये गं इकडे," सुनेला म्हणाली. "डोळे पूस आधी. पाण्याने भरलेले डोळे काय कामाचे? आता एकेक लड घे आणि मला रंग सांग."

"आई, तो थांबलाय..."

"त्याला गाडी आहे बसायला. तू सांग."

सूनबाईंनी दाराकडे पाहिलं. मग मागचापुढचा विचार न करता मांडी घालून बसल्या. "ही लाल."

"लाल कुठला? विटेसारखा, की टोमॅटोसारखा?"

"विटेसारखा."

"हं. एक गाठ आणि शेवटी फास. पुढची."

"हिरवी. म्हणजे शेवाळी."

हिची बोटं सुतळीवर चालायला लागली. एक, दोन, तीन, खेचून घट्ट. बाहेर हॉर्न वाजला. सूनबाई दचकल्या, पण उठल्या नाहीत.

"आणि या पांघरुणाचं?" त्यांनी विचारलं. "उसवायचं का? मी मदत करते."

"एक धागा उसवणार नाही. पोरीला असंच दे. तिने आजीच्या खिडकीतून दिसतं तसं मागितलं होतं. सांग तिला, आजीला आता असं दिसतं. रान लाल असलं म्हणून मेंढ्या काही उपाशी मरत नाहीत."

पुन्हा हॉर्न. या वेळी लांबलचक.

मला काय झालं, मला ठाऊक नाही. मी विचार करत होतो तो गरम पाण्याचाच. पण माझे पाय अंगणात गेले, गाडीच्या मागे गेले. डिकी उघडीच होती. मी हिची बॅग काढली. जड होती. खांद्यात कळ आली.

मुलगा उतरला. "बाबा, हे काय?"

"छापखान्यात आयुष्यभर हेच केलं. नको ते दिसलं की काढून टाकायचं."

"तुम्हीसुद्धा? तुम्हाला काही झालं तर तिला कोण बघणार? आणि तिला काही झालं तर?"

"होईल," मी म्हणालो. "दोघांनाही होईल. पाचव्या मजल्यावर काय अमरपट्टा देतात? तिथे ती काय करेल सांग. भिंतीला हात लावत बाथरूमपर्यंत जाईल आणि परत येईल. तुम्ही सगळे तिला प्रेमाने खुर्चीत बसवाल. मला ती तशी बघायची नाहीये, बाळा. माझी तयारी नाही."

त्याला बऱ्याच वर्षांत मी बाळा म्हटलं नव्हतं. त्याने बॅगचा दुसरा बंद धरला, मी माझा सोडला नाही. दोन मोठी माणसं अंगणात बॅग ओढत उभी, आणि कुंपणापलीकडून मेंढा बघतोय. शेवटी त्यानेच बंद सोडला. पण तो परत गाडीत जाऊन बसला आणि दार आपटून घेतलं. इंजिन चालूच होतं.

मी बॅग आत आणून पलंगाजवळ ठेवली. हिने मान वळवून माझ्या कानाकडे पाहिलं. एक लड माझ्या दोन्ही हातांत अडकवली आणि सूत गुंडाळायला लागली. हात पुढे करून मी बसलो, पकडून आणलेल्या माणसासारखा.

"ही?" ती म्हणाली.

"पिवळी," सूनबाई म्हणाल्या. "नाही, थांबा. ऊन पडलं की नारिंगी वाटते."

"नीट बघ. घाई नाही."

गाडीच्या इंजिनाचा आवाज थांबला. दार उघडल्याचं ऐकू आलं, मग अंगणातल्या खडीवर पावलं. मुलगा उंबऱ्याशी येऊन उभा राहिला. त्याचे डोळे लाल झाले असावेत, मला कळायला मार्ग नव्हता. तो आत येईना आणि बाहेरही जाईना. काहीतरी बोलायला म्हणून आला असावा, पण सुनेच्या मांडीवरच्या लडी आणि आईची चालणारी बोटं पाहून तिथेच थबकला.

हिने डोकं वर केलं नाही. गाठ दाताने आवळली आणि म्हणाली, "दारातून बाजूला हो रे. तिला उजेड लागतो."

तो बाजूला झाला.