उभं राहायचं नाही

चारुलताच्या धाकट्या जावेला, सोनलला, सातव्या महिन्यातच मूल झालं. वजन सव्वा किलो. महिनाभर ते काचेच्या पेटीत होतं. घरी आणलं तेव्हा अंगावर मांस असं नव्हतंच, सुरकुतलेली कातडी आणि दोन मोठे डोळे. बारशाला नाव ठेवलं पार्थ, पण पाळण्याभोवती जमलेल्या बायकांच्या तोंडून गाणं काही फुटलं नाही. दोघीचौघींनी पुटपुटल्यासारखं केलं आणि घुगऱ्यांच्या पुड्या घेऊन त्या आपापल्या घरी गेल्या.

चार महिने झाले तरी पोर मान धरीना. उचललं की डोकं मागे लोंबायचं. वाशीतल्या एका मोठ्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, हा चालेल की नाही ते आज सांगता येणार नाही, तयारी ठेवा. सोनलनं ते ऐकलं आणि त्या दिवसापासून ती मुलाला पाजताना भिंतीकडे बघू लागली. मग पाजणंच सुटलं. रात्रंदिवस ती पडून राही, आणि पोर रडलं की उशी कानावर घेई.

तिचा नवरा रूपेश न्हावा शेव्याच्या बंदरात एका क्लिअरिंग एजंटाकडे नोकरीला होता. पैसा बरा होता, वाशीला घर मोठं होतं. पण घरात असं मूल म्हणजे चार लोक येणार, चार प्रश्न विचारणार, हे त्याला सोसवत नव्हतं. तोडगा काढला तो त्याच्या आईनं, यशोदाबाईंनी. थोरल्या मुलाला, कमळाकरला, लग्नाला नऊ वर्षं होऊन मूलबाळ नव्हतं. नेरूळच्या दोन खोल्यांत त्याची बायको चारुलता दिवसभर एकटीच असायची. चारूला तरी काय उद्योग आहे, ठेवा तिच्याकडे, असं यशोदाबाई म्हणाल्या, आणि ते चारुलताच्या देखतच म्हणाल्या, घरातलं जास्तीचं कपाट कुठे ठेवायचं ते ठरवावं तसं.

रूपेश मात्र गोड बोलला. "वहिनी, तुमचाच समजा. पुढेमागे दत्तकाचा कागदही करून टाकू."

चारुलतानं पोर पदरात घेतलं. नऊ वर्षं दर संक्रांतीला, दर डोहाळजेवणाला तिला मागच्या रांगेत बसवलेलं होतं. ओटी भरताना तिच्या हाताला कुणी तांदूळ लागू दिला नव्हता. आता तिच्या मांडीवर साडेतीन किलोचं ओझं होतं, आणि कुणाला नको होतं म्हणून का होईना, ते तिचं होतं.

तिनं कंबर कसली. सारसोळ्याहून गिरजाबाई मालिशला येऊ लागली. कोळीवाड्यातली निम्मी पोरं तिच्या पायांवरच न्हायलेली. तिनं पोराला उलटंसुलटं करून बघितलं, पाठीच्या कण्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, येल लागल, पन हाडात दोष नाय. चारुलतानं हे वाक्य देवासारखं जपलं. सकाळी तेल, दुपारी ऊन, संध्याकाळी पुन्हा तेल. नाचणीचं सत्त्व, खारकेची पेज. त्याला पोटावर झोपवून ती समोर खुळखुळा धरून तास तास बसे, तिच्याच कमरेला कळ लागे.

आठव्या महिन्यात पार्थनं मान धरली. चारुलता शेजाऱ्यांच्या घरून वाशीला फोन करून ओरडलीच जवळजवळ. सोनल त्या रविवारी आली, दाराशीच बसली आणि चहा पिऊन गेली. पुढच्या महिन्यात तो पालथा पडला. तेव्हा सोनलनं येताना झबलं आणलं. पावसाळ्याच्या शेवटी तो आधाराशिवाय बसू लागला, तेव्हा तिनं त्याला पहिल्यांदा मांडीवर घेतलं आणि रूपेशनं फोटो काढला. फोटोत चारुलता नव्हती. तिला बाटली भरायला आत पाठवलं होतं.

दसऱ्याला सगळे वाशीला जमले. पार्थ हॉलभर रांगला, पूजेच्या ताटापर्यंत गेला, झेंडूची फुलं विस्कटली. सगळे हसले. चारुलता पाणी कोमट करायला स्वयंपाकघराकडे वळली तेव्हा आत रूपेश आणि यशोदाबाई बोलत होते. ती दाराआडच थांबली.

"आत्ताच नको," रूपेश म्हणत होता. "उभा राहू दे, चालू दे. नाहीतर आयुष्यभर गळ्यात पडायचा. चालायला लागला की घेऊन येऊ."

"आणि चारू?"

"तिचं काय? वर्षभर बरं करमलं की तिला."

यशोदाबाई म्हणाल्या, मी समजावीन तिला, जन्म दिलेली ती आई शेवटी.

चारुलता तशीच मागे फिरली. पार्थला त्या दिवशी थंडच पाणी मिळालं.

घरी आल्यावर तिनं कमळाकरला सगळं सांगितलं. कमळाकर बेलापूरला सरकारी कचेरीत कारकून होता. आयुष्यभर त्यानं फायली एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर नेल्या होत्या आणि कुठल्याच फायलीवर आपला शेरा मारला नव्हता. त्यांचंच मूल आहे गं, तो म्हणाला, आपण काय कोर्टात जाणार? आणि त्यानं पेपर उघडला.

डिसेंबरात, एका दुपारी, पार्थ उभा राहिला. लोखंडी कॉटचा पाय दोन्ही हातांनी धरून, गुडघे थरथरवत, तोंड उघडं ठेवून तो वर आला. पोळपाटावरचे पिठाचे हात तसेच पसरून चारुलता धावली. त्याला उराशी धरून तिनं त्याचे पटापट मुके घेतले. मग तिला रूपेशचं बोलणं आठवलं. तिनं पोराला हळूच खाली बसवलं.

"बस," ती म्हणाली. "बस हं, राजा."

पार्थला हा खेळ वाटला. तो हसला आणि पुन्हा उभा राहिला. तिनं पुन्हा बसवला. दिवसभरात दहा वेळा. दुसऱ्या दिवशी वीस वेळा. तो काही ऐकेना. जे अंग वर्षभर त्याचं ऐकत नव्हतं ते आता ऐकू लागलं होतं, त्याला त्याची चटक लागली होती. तिसऱ्या दिवशी तो एकाच हातानं कॉट धरून उभा राहिला, आणि चारुलतानं त्याच्या पोटरीवर चापट मारली.

तो रडला नाही. आधी त्याला कळलंच नाही. त्यानं पायाकडे बघितलं, मग तिच्याकडे. पुन्हा उठला. तिनं पुन्हा मारलं, या वेळी जोरात.

तेव्हापासून तेच सुरू झालं. उठला की फटका, बसला की गूळ. चापटीनं भागेना तेव्हा उलथन्याची मूठ. मारून झालं की ती त्याला पोटाशी धरून रडायची, त्याच पोटरीला तेल चोळायची, आणि मनाशी म्हणायची, थोडे दिवस, एकदा कागद होऊ दे, मग मीच तुला चालवीन, पळवीन. आणि पोर तिच्याच गळ्यात हात टाकून हुंदके द्यायचं, कारण रडताना धरायला त्याला दुसरं कुणी नव्हतं.

गिरजाबाईच्या हे ध्यानात यायला चार दिवस लागले. तेल लावताना तिचा हात थांबला. "पोर उभं ऱ्हातंय तं त्याला मारतंस कनाला?" तिनं विचारलं. "देव उभा करतंय, आनि तू बसवतंस?" चारुलतानं तिचे महिन्याचे पैसे हातावर ठेवले आणि उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. गिरजाबाईनं पैसे मोजले नाहीत. पोराच्या डोक्यावरून हात फिरवून ती जिना उतरून गेली.

रविवारी आंघोळ घालताना कमळाकरला पोटरीवर निळा वळ दिसला. कॉटवर आपटला, चारुलता म्हणाली. कमळाकरनं पोराचं अंग पुसलं आणि लेंगा घोट्यापर्यंत नीट ओढून घेतला.

पार्थचा पहिला शब्द आई नव्हता, बाबा नव्हता. एका सकाळी तो खुर्चीचा पाय धरून अर्धा उठला, थांबला, आणि स्वतःच म्हणाला, "बस." मग बसला. चारुलतानं गुळाचा खडा त्याच्या जिभेवर ठेवला.

आदल्या वर्षी पोर मान धरत नव्हतं म्हणून बोरन्हाण झालं नव्हतं. या वर्षी संक्रांतीनंतरच्या रविवारी ते नेरूळला करायचं ठरलं. खरं तर ती परीक्षाच होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पार्थला काळं झबलं, हलव्याचे दागिने घालून पाटावर बसवलं. डोक्यावरून बोरं, चुरमुरे, रेवड्या ओतल्या. सोसायटीतली पोरं लुटायला धावली. पार्थ टाळ्या पिटत होता. सोनलला चौथा महिना लागला होता, ती सावकाश खाली वाकली आणि त्याच्यापासून हातभर अंतरावर चावीचं एक लाल बदक धरून म्हणाली, "ये, माझ्याकडे ये. उठ बघू."

पार्थ गुडघ्यांवर आला. एक हात जमिनीवर टेकला, एक पाय पुढे घेतला. त्यानं मान वळवून चारुलताकडे बघितलं. ती हळदीकुंकवाचं तबक घेऊन उभी होती. तिनं काहीच केलं नाही, भुवईसुद्धा हलवली नाही.

"बस," पार्थ म्हणाला, आणि खाली बसला.

सोनलनं पुन्हा बोलावलं. बदक चावी देऊन नाचवलं. त्यानं बदकाकडे बघितलं नाही. रूपेशनं त्याला बगलेत धरून उभं करायचा प्रयत्न केला तर त्यानं दोन्ही पाय पोटाशी घेतले आणि तो हवेत गाठोड्यासारखा लोंबकळला. दीड वर्षाचा घोडा झालाय, कुणीतरी म्हणालं. सोनल उठली, पोटावर हात ठेवून खिडकीशी जाऊन उभी राहिली. यशोदाबाईंनी तिळगुळाचा डबा फिरवायला घेतला.

जाताना रूपेशनं जिन्यात कमळाकरला बाजूला घेतलं. दुसरं येतंय, सोनलला झेपायचं नाही, तेव्हा कागद करून टाकू. मार्चमध्ये दत्तकपत्राची नोंदणी झाली. सोनलनं सही करताना वाचलंसुद्धा नाही. चारुलतानं शिक्का वाळेपर्यंत कागदावर फुंकर घातली.

घरी येताच तिनं पार्थला कॉटशी नेलं. त्याचे हात कॉटच्या पायावर ठेवले आणि म्हणाली, "उठ राजा. आता उठ." पार्थनं हात काढून घेतले.

तिला वाटलं, चार दिवसांत येईल ताळ्यावर. आठवडे गेले. ती गूळ दाखवी, तो बसल्या जागी तोंड उघडी, कारण गूळ बसल्यावर मिळतो एवढं तो शिकला होता. ती बगलेत धरून उचले, तो पाय आखडून घेई. एकदा तिनं चिडून त्याला तशाच पायांवर सोडलं, तो बदकन पडला, कपाळ फुटलं. डॉक्टरकडे नेलं. हे दुसरे डॉक्टर, नेरूळचेच. त्यांनी पाय ताणून, वाकवून बघितले, तळव्याला गुदगुल्या केल्या. पाय उत्तम आहेत, ते म्हणाले. मग चष्म्यावरून बघत विचारलं, घरात याला कुणी भीती घातलीय का? चारुलता नाही म्हणाली. कमळाकर शेजारीच बसला होता.

त्या दिवसापासून कमळाकर कचेरीतून आल्यावर पार्थला घेऊन खाली सोसायटीच्या आवारात जाऊ लागला. चारुलता चप्पल घालू लागली की म्हणे, तू नको येऊस. ऑगस्टमध्ये एके दिवशी शेजारीण वर येऊन सांगू लागली, पार्थ चालला, पंपाच्या खोलीपासून गेटापर्यंत चालत गेला. चारुलता धावत जिना उतरली. पार्थ कमळाकरचं बोट सोडून उभा होता. तिला बघताच तो सिमेंटवर बसला.

मग ते नेहमीचंच झालं. ती खोलीत नसली की तो चालायचा. घरभर, गॅलरीत, पाटांवर चढायचा. तिच्या बांगड्या वाजल्या की बसायचा. चारुलतानं बांगड्या काढून ठेवल्या. पावलं न वाजवता ती दाराच्या फटीशी उभी राही आणि आपल्या मुलाला चालताना तिथून बघे. ज्या पायांना तिनं वर्षभर तेल चोळलं होतं ते कसे पडतात, टाच आधी की चवडा, हे तिला त्या फटीतून कळलं.

दिवाळीत सोनल आली, चार महिन्यांच्या मुलीला घेऊन. बाळसेदार पोर, मान ताठ. कुणी कौतुकानं सांगण्यासारखं त्यात काही उरलं नव्हतं, इतकं ते सहज होतं. रिक्षातून उतरताच तिला गेटाशी पार्थ दिसला, फुलबाजीच्या तारेची काडी हलवत पळत असलेला. सोनल जागच्या जागी उभी राहिली. वरून चारुलतानं बघितलं आणि ती खाली आली.

पार्थनं तिला बघितलं. काडी टाकली. बसला.

सोनलनं पोराकडे बघितलं, मग जावेकडे. तिच्या चेहऱ्यावरून एक एक गोष्ट सरकत गेली, बोरन्हाण, लाल बदक, ते मान वळवणं.

"वहिनी," ती म्हणाली, "काय केलंत तुम्ही याला?"

"तू काय केलं होतंस?" चारुलता म्हणाली. "वर चल. चहा टाकते."

सोनल वर आली नाही. त्याच रिक्षानं परत गेली. यशोदाबाईंकडे तिनं रडून सगळं सांगितलं, माझं पोर मला परत आणून द्या म्हणाली. यशोदाबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, कागद झालाय, आता तमाशा नको, हातात एक आहे ना धडधाकट. रूपेशनंही तेच सांगितलं. पुढे नातेवाइकांत यशोदाबाई कौतुकानं सांगत, डॉक्टरांनी हात टेकले होते, पण आमच्या चारूनं पोर चालतं केलं.

त्या दिवशी सोनलची रिक्षा गेल्यावर गेटाशी चारुलता वाकली आणि पार्थला तिनं उचललं. तो रडला नाही, अंग चोरलं नाही. सवयीनं त्यानं एक हात तिच्या गळ्यात टाकला, दोन्ही पाय पोटाशी दुमडून घेतले, आणि ती त्याला घेऊन जिना चढू लागली.