धाकटीच्या पायाखालचा मंच

मित्रांनो, मी एक जुना लाकडी मंच आहे. मंच म्हटलं की तुम्हाला हारतुरे आणि भाषणं आठवतील. माझ्यावर मात्र आजवर कुणीही भाषण केलेलं नाही, आणि याचा मला अभिमान आहे.

माझा जन्म एका सुताराच्या घरी झाला. त्याच्या धाकट्या मुलीला लहानपणीच मोठा ताप आला आणि ऐकू येणं कायमचं थांबलं. ड्रम वाजवायचं तिचं वेड मात्र गेलं नाही. एकदा दादा बास गिटार वाजवत होता आणि ती त्याच्या स्पीकरजवळ फळीवर अनवाणी उभी होती. ती एकदम म्हणाली, "दादा, तू वाजवतोयस ते मला पायाला कळतंय."

बाबांनी हातातला रंधा खाली ठेवला. जुन्या दारांच्या फळ्या जोडून, आतून पोकळ ठेवून, त्यांनी मला घडवलं. एका टोकाला दादाचा स्पीकर आणि दुसऱ्या टोकाला धाकटीचा ड्रम. मधलं सगळं काम माझं. दादाचा प्रत्येक ठोका मी तिच्या तळव्यांपर्यंत पोचवायचो. ती चुकायची, दात-ओठ खायची, पुन्हा सुरू करायची. तिच्याइतकी हट्टी मुलगी मी पाहिली नाही.

पुढे कार्यक्रम होऊ लागले. टाळ्या धाकटीला मिळायच्या आणि मला चहाचे डाग. टेम्पोत चढता-उतरता माझे सांधे ढिले झाले आणि मी कुरकुरायला लागलो. म्हातारपणी कोण कुरकुरत नाही?

मग एक बाई धाकटीवर माहितीपट करायला आल्या. त्यांच्यासोबत आवाज टिपणारे एक काका होते. त्यांनी मला पायानं दाबून पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. कुरकुरणारी जमीन दिसली की सतरंजी अंथरायची, ही त्यांच्या कामाची रीतच. त्यांनी स्पीकरखाली एक आणि ड्रमखाली एक अशा दोन जाड सतरंज्या घातल्या. माझा जीव गुदमरला.

धाकटी कपडे बदलून आली आणि वाजवायला बसली. दादानं सुरुवात केली आणि तिचा ताल चुकला. पुन्हा चुकला. बाई पाठमोऱ्या होऊन हळूच म्हणाल्या, "दमल्यात बहुतेक. चित्र यांचं घेऊ, आवाज दुसऱ्या कुणाचा तरी लावू."

दादानं ते हातांच्या खुणांनी तिला जसंच्या तसं सांगितलं. मला फार वाईट वाटलं. इतक्या वर्षांची मेहनत, आणि ऐकणाऱ्यांना वाजवणं दुसऱ्याचंच ऐकू येणार.

धाकटी उठली. तिनं स्वतःच्या हातांनी दोन्ही सतरंज्या गुंडाळल्या.

"मी दमले नाहीये," ती म्हणाली. "तुम्ही माझ्या कानावर सतरंजी टाकलीत."

तिला ओठ वाचता यावेत म्हणून काका तिच्यासमोर येऊन म्हणाले, "पण ताई, कुरकुर येईल ना आवाजात."

"येऊ दे. माझ्या वाजवण्यात ती पहिल्यापासून आहे."

मित्रांनो, त्या दिवशी मी ठरवलं की एखादी फळी गेली तरी बेहत्तर, पण एकही ठोका वाटेत सांडू द्यायचा नाही. डावीकडची तिसरी फळी कडाडली, तरी मी धीर सोडला नाही. धाकटीनं शेवटपर्यंत एकदाही चूक केली नाही. काकांनी कानावरचे हेडफोन काढले, खाली बसले आणि माझ्यावर तळहात टेकवला. बराच वेळ तो त्यांनी उचलला नाही.

माहितीपट पहिल्यांदा दाखवला तेव्हा बाबांनी हट्टानं मला पडद्यासमोर ठेवायला लावलं. स्पीकर माझ्यावर होता. ऐकू न येणारी मुलं चपला काढून माझ्यावर दाटीवाटीनं बसली. धाकटीचा ड्रम सुरू झाला आणि ती सगळी आधी पायांकडे आणि मग एकमेकांकडे बघू लागली. एक चिमुरडी माझ्या कडेवर बोटांनी ताल धरू लागली. तो बरोबर होता.

म्हणून सांगतो, एखादी जुनी वस्तू कुरकुरते म्हणून तिचं तोंड दाबू नका. आधी चपला काढून तिच्यावर उभे राहून पाहा. आणि जमलं तर माझ्या तिसऱ्या फळीला दोन खिळे ठोका. पुढच्या आठवड्यापासून ती चिमुरडी शिकायला येणार आहे.